अतिवजनदार रुग्ण आणि रुग्णालयाची लिफ्ट: पाटीवरचा आकडा पुरेसा का नसतो

११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तहून एका महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणलं गेलं. तिचं वजन सुमारे पाचशे किलो असल्याचं घरच्यांनी सांगितलं होतं. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यासाठी वेगळी खोली तयार केली होती आणि ट्रकमधून आलेला तिचा पलंग क्रेनने उचलावा लागला. ती दृश्यं देशभर दिसली. ती पाहताना साधा प्रश्न मनात येतो: एवढ्या मोठ्या रुग्णालयात लिफ्ट असतेच, मग क्रेन कशाला?

पाचशे किलो हे टोकाचं उदाहरण झालं. दीडशे, दोनशे किंवा सव्वादोनशे किलोचा रुग्ण मात्र आता कुठल्याही शहरातल्या रुग्णालयात येऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के झालं. यातल्या बहुतेकांना सामान्य पलंग, सामान्य स्ट्रेचर पुरतं. पण सगळ्या समाजाचं वजन वर सरकतं तेव्हा अतिवजनदार माणसांची संख्याही वाढते. आणि ही माणसं काही फक्त वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत नाहीत. त्यांचंही हाड मोडतं, त्यांनाही हार्ट अटॅक येतो, डायलिसिस लागतं, बाळंतपण होतं.

वैद्यकात अशा रुग्णांना बॅरिअ‍ॅट्रिक रुग्ण म्हणतात. किती किलोपासून म्हणायचं याची एकच रेघ नाही. कामापुरती व्याख्या अशी: ज्यांचं वजन किंवा आकार रुग्णालयाच्या नेहमीच्या पलंग-खुर्ची-स्ट्रेचरच्या मर्यादेबाहेर जातो ते. या व्याख्येत कमी पडतंय ते सामान आहे, माणूस नाही, आणि पुढचं सगळं वाचताना ते ध्यानात ठेवावं. असा रुग्ण कॅज्युअल्टीतून चौथ्या मजल्यावरच्या आयसीयूत न्यायचा, तर लिफ्टमधली ती दोन मिनिटं उपचारांइतक्याच काळजीने ठरवावी लागतात. ती ऐनवेळी, लिफ्टच्या दारात उभं राहून ठरवली जातात तेव्हा घोटाळा होतो.

पाटीवरचा आकडा कसा येतो

लिफ्टमध्ये शिरल्यावर समोर पाटी दिसते: १५ व्यक्ती, १०२० किलो. भारतात एका माणसाचं सरासरी वजन ६८ किलो धरून हा हिशेब करतात. म्हणून ८ माणसांची लिफ्ट ५४४ किलोची, १३ माणसांची ८८४ किलोची. रुग्णालयात पलंग नेण्यासाठी भारतीय मानकात १०२०, १३६० आणि १७६८ किलोच्या लिफ्ट दिल्या आहेत, म्हणजे १५, २० आणि २६ माणसांच्या. युरोपात माणशी ७५ किलो धरतात. त्यामुळे व्यक्तींची संख्या वाचून काही कळत नाही, किलोचाच आकडा पाहायचा.

आता बेरीज करू. रुग्ण २२० किलोचा आहे. आयसीयूतल्या बऱ्याचशा पलंगांची सुरक्षित भारमर्यादा २५० किलोच्या आसपास असते आणि त्या मर्यादेत गादी, सलाईनचा स्टँड, पलंगावर ठेवलेला मॉनिटर हे सगळं मोजायचं असतं. म्हणजे हा रुग्ण नेहमीच्या पलंगावर जेमतेम बसतो, आणि जेमतेम या शब्दावर रुग्ण हलवायचा नसतो. त्याला मजबूत सांगाड्याचा खास पलंग लागतो. असे पलंग साडेचारशे किलोपर्यंतचा रुग्ण पेलतात, पण त्यांचं स्वतःचं वजनही भरपूर असतं. गादीसकट २८० किलो धरू. ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर, औषधाचे पंप, छोटा व्हेंटिलेटर मिळून ६० किलो. सोबत डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी असे सहा जण, म्हणजे ४०८ किलो. एकूण झाले ९६८.

१०२० किलोच्या लिफ्टमध्ये हे कागदावर बसतं. ८८४ च्या लिफ्टमध्ये बसत नाही. रुग्ण ३०० किलोचा असेल तर बेरीज १०४८ होते आणि १०२० ची लिफ्टही बाद होते. इथे रुग्ण आहे ३०० किलोचा, उरलेलं साडेसातशे किलो वजन आपण आणलेलं आहे. कुठे कात्री लावायची ते यातून दिसतं. ढकलायला लागणाऱ्या सहापैकी तिघांनी जिन्याने वर जाऊन थांबायचं.

वजन बसलं, पण पलंग शिरेल का?

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. वजनाची चर्चा सगळे करतात, मापाची टेप कुणी काढत नाही.

१५ माणसांच्या पलंगाच्या लिफ्टची आतली रुंदी मानकानुसार १ मीटर, खोली २.४ मीटर आणि दाराची रुंदी ८० सेंटिमीटर असते. बॅरिअ‍ॅट्रिक पलंग पूर्ण उघडल्यावर १ ते १.२ मीटर रुंद. म्हणजे जी लिफ्ट वजनाच्या बेरजेत पास झाली, तिच्या दारातून पलंग आत जाणारच नाही. काही पलंग प्रवासापुरते अरुंद करता येतात. पण पलंग अरुंद झाला म्हणून त्यावरचा माणूस अरुंद होत नाही. कठड्यात मांडी, दंड किंवा पोटाची कातडी दाबली जाते आणि तिथे जखम होते.

२० माणसांच्या लिफ्टची रुंदी १.३ मीटर, खोली तेवढीच. १.१ मीटरचा पलंग आत गेला की दोन्ही बाजूंना मिळून २० सेंटिमीटर उरतात. पलंग २.३ मीटर लांब असेल तर डोक्याकडे आणि पायाकडे मिळून १० सेंटिमीटर. आता सांगा, रुग्णाच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबणारा डॉक्टर उभा कुठे राहणार? लिफ्टने वजन पेललं, पलंग सामावला, पण ज्याने रुग्णाला जिवंत ठेवायचं तो बाहेर राहिला. २६ माणसांच्या लिफ्टची रुंदी १.६ मीटर असते. पलंग एका भिंतीला लावला तर दुसरीकडे ५० सेंटिमीटरची पट्टी मिळते आणि त्यात दोन-तीन जण एकामागे एक उभे राहू शकतात. युरोपात मोठ्या रुग्णालयांसाठी १.८ बाय २.७ मीटरची, २५०० किलोची लिफ्ट वापरतात. नवीन रुग्णालय बांधणाऱ्यांनी निदान एक तरी लिफ्ट त्या मापाची करावी, कारण केबिन जिच्यातून वर-खाली होते ती खोबण एकदा बांधली की पुढची पन्नास वर्षं ती रुंद होत नाही.

माप कसं घ्यायचं, हेही सांगायला हवं. दाराची चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडल्यावर दोन पल्ल्यांच्या कडांमध्ये जेवढी मोकळी जागा उरते ती मोजा. कित्येक जुन्या लिफ्टमध्ये पल्ला चौकटीत पुरता जात नाही, तीन-चार सेंटिमीटर बाहेरच राहतो. आत गेल्यावर भिंत ते भिंत नको, हाताने धरायची दांडी ते समोरची दांडी असं मोजा. बटणांची पट्टी पुढे आली असेल तर ती वजा करा. पलंगाकडे या: कठडे वर असताना रुंदी किती आणि खाली असताना किती? चारही कोपऱ्यांवरची धक्का झेलणारी रबरी चाकं बाहेर आलेली असतात, ती धरली का? आणि शेवटी लिफ्टसमोरचा पॅसेज. सव्वादोन मीटर लांबीचा पलंग काटकोनात वळवायला पॅसेज अरुंद पडला, तर लिफ्ट कितीही मोठी असो, उपयोग शून्य.

लिफ्ट वजन उचलते कशी?

थोडं यंत्राकडे जाऊ, कारण पुढचे बरेच गैरसमज तिथून येतात. लिफ्टची मोटर आख्खा भार एकटी उचलत नाही. विहिरीवरच्या कप्पीवरून एक दोर सोडला आणि त्याच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्या, तर एक खाली जाताना दुसरी वर येते आणि ओढणाऱ्याला फक्त दोन घागरींच्या वजनातला फरक ओढावा लागतो. लिफ्टमध्येही दोराच्या एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला लोखंडाचे किंवा काँक्रीटचे ठोकळे असतात. त्या ठोकळ्यांना काउंटरवेट म्हणतात. त्याचं वजन साधारणपणे रिकामी केबिन अधिक पाटीवरच्या भाराचा ४० ते ५० टक्के हिस्सा एवढं ठेवतात.

१०२० किलोच्या लिफ्टमध्ये ५० टक्के म्हणजे ५१० किलो. केबिन रिकामी असेल तर काउंटरवेट ५१० किलोने जड. केबिन पूर्ण भरली तर केबिन ५१० किलोने जड. मोटर, ब्रेक आणि कप्पीवरची दोराची पकड या ५१० किलोच्या फरकासाठी बेतलेली असते.

आता त्या लिफ्टमध्ये मर्यादेपेक्षा ३०० किलो जास्त घाला. भार २९ टक्क्यांनीच वाढला असं वाटतं. पण असमतोल ५१० वरून ८१० किलोवर गेला, म्हणजे जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढला! ब्रेकला आणि दोराच्या पकडीला जाणवतो तो हा ६० टक्क्यांचा आकडा. "थोडंसंच जास्त आहे, जाईल की" असं म्हणणाऱ्याच्या मनात २९ टक्के असतात, यंत्रावर पडतात साठ.

"पण लिफ्टचे दोर बारापट मजबूत असतात ना?"

असतात. तीन किंवा अधिक दोर असलेल्या लिफ्टसाठी युरोपीय मानकात सुरक्षेचा गुणक बारा धरला आहे, त्यामुळे दोन-तीनशे किलो जास्त झाले म्हणून दोर तुटून लिफ्ट कोसळणं ही फार दूरची शक्यता. शिवाय वेग वाढला की केबिनला रुळांवर जखडून धरणारी वेगळी यंत्रणा असते. लिफ्ट कोसळण्याची भीती आपल्या मनात बसलेली आहे, तिथे खरा धोका कमी आहे.

ब्रेकचं तसं नाही. युरोपीय मानकानुसार ब्रेकने पाटीवरच्या सव्वापट भारापर्यंत लिफ्ट थांबवायला हवी. दोराकडे बारापट, ब्रेककडे सव्वापट. नवी लिफ्ट ही चाचणी पास होते. घासलेलं अस्तर असलेला, तेल उडालेला ब्रेक होईलच असं नाही. आणि सव्वापट हा चाचणीचा आकडा आहे, रोज वापरायची सवलत नाही.

त्याच मानकात ओव्हरलोडची सूचना पाटीवरच्या भारापेक्षा १० टक्के जास्त होण्याआधी मिळावी अशी अपेक्षा आहे. लहान लिफ्टसाठी ही मुभा ७५ किलो धरतात. मग दार उघडं राहतं, बझर वाजतो, लिफ्ट सुटत नाही. पण बझर वाजला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे गृहीत धरू नका. भार मोजणारा सेन्सर वर्षानुवर्षं तपासलेला नसतो. त्याहून वाईट म्हणजे "सारखा वाजतो" म्हणून तो बंद करून ठेवलेला असतो. रुग्णालयातल्या लिफ्टचा ओव्हरलोड सेन्सर बंद करणं हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे असं मी मानतो, आणि देखभाल करणाऱ्या कंपनीच्या माणसाला तसं करायला सांगणारा अधिकारीही तेवढाच जबाबदार.

खरा धोका उंबरठ्यावर

पलंग पूर्ण आत आहे, दार बंद आहे, लिफ्ट चालू आहे, हा प्रवासातला तुलनेने सुरक्षित भाग. जोखमीचे क्षण असतात ते पलंग अर्धा आत आणि अर्धा बाहेर असतानाचे.

समजा पलंग आणि रुग्ण मिळून ५०० किलो. चार चाकांवर वाटले तर प्रत्येकी १२५. पण मजला आणि केबिन यांच्यात जरा खाच आली, एक चाक अधांतरी राहिलं की उरलेल्या तिघांवर भार जातो. हे वजन उंबरठ्याच्या धातूच्या पट्टीवर एका बोटाएवढ्या जागेत टेकतं. पंधरा माणसं पसरून उभी राहिली तर असं कधी होत नाही, आणि पाटीवरचा आकडा अशा पसरलेल्या भाराचा असतो.

त्यात केबिन स्वतः थोडी खाली बसते. पुढची दोन चाकं आत गेली की केबिनवर एकदम अडीचशे किलो येतात आणि दोर किंचित ताणले जातात. मोटर गच्चीवर असेल तर केबिन तळमजल्यावर असताना दोर सगळ्यात लांब, म्हणून ताणही सगळ्यात जास्त. आणि आपल्याकडे कॅज्युअल्टी तळमजल्यावरच असते. चांगली लिफ्ट मजल्याशी १० मिलिमीटरच्या आत जुळून थांबते आणि भार आल्यावर पुन्हा स्वतःला वर उचलून पातळी जुळवते. म्हणजे पलंग दारात असताना केबिन हलणं हे काही वेळा बिघाड नसून तिचं कामच असतं. जुन्या लिफ्टमध्ये ही सोय नसते, तिथे पायरी तयार होते. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला दोन सेंटिमीटरची पायरी चढवायला पाचशे किलोचा पलंग केवढ्या जोराने ढकलावा लागतो, हे वॉर्डबॉयच्या कमरेला विचारा. चाक अडतं, चौघे मिळून हिसका देतात, पलंग उसळतो, नळ्या ताणल्या जातात.

ऑगस्ट २०१७ मध्ये स्पेनच्या सेव्हिल शहरातल्या एका रुग्णालयात नुकत्याच बाळंत झालेल्या एका तरुणीचं स्ट्रेचर लिफ्टच्या दारात असताना लिफ्ट दार उघडं असूनही सरकली आणि तिचा मृत्यू झाला. तो अपघात वजनाशी जोडलेला नव्हता. पण उंबरठ्यावर स्ट्रेचर असताना केबिन हलली तर काय होतं, ते त्यातून दिसतं. असमतोल जास्त आणि ब्रेक थकलेला असेल तर ही शक्यता वाढते, म्हणून वजनदार रुग्णाच्या बाबतीत उंबरठा लवकर आणि एका दमात ओलांडायचा असतो. दारात थांबून "जरा इकडे घ्या, तिकडे घ्या" नको. दार हाताने, पायाने किंवा खुर्ची लावून अडवायचं नाही. लिफ्टमनकडे चावी असते, तिने लिफ्ट स्वतःच्या ताब्यात घ्यायची, म्हणजे दार मध्येच मिटत नाही आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुणी बटण दाबलं तरी लिफ्ट तिकडे धावत नाही. पातळी जुळली नसेल तर आधी ती जुळवून घ्यायची, मग चाक पुढे.

लिफ्टमध्ये रुग्णाला काय होतं

खूप वजन असलेल्या माणसाला सपाट झोपवलं की पोटाचा भार श्वासपटलावर येतो. फुप्फुसात श्वास सोडल्यानंतर जी हवा शिल्लक राहते ती कमी होते. हीच हवा संकटाच्या वेळी काही मिनिटांची शिदोरी असते. त्यामुळे ऑक्सिजन तुटला की अशा रुग्णाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप लवकर घसरतं. अनेकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही असतो. म्हणून पलंगाचं डोकं वर ठेवूनच न्यायचं, साधारण ३० अंश किंवा डॉक्टर सांगतील तेवढं. जागा वाचवायला किंवा ढकलायला सोपं पडतं म्हणून पलंग सपाट करू नये.

सिलिंडर निघण्याआधी पाहायचा. आपल्याकडच्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर अडीच तास पुरेल. पण काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, आणि लिफ्ट अडकली तर हा सव्वा तास भराभर संपतो. मॉनिटरची आणि पंपांची बॅटरी किती चालेल, तेही बघून घ्यावं. शामक औषध देऊन झोपवलेला रुग्ण असेल तर औषधाची जादा सिरिंज खिशात नको, पलंगावर ट्रेमध्ये हवी.

मध्येच बंद पडली तर?

साधा प्रवासी अर्ध्या मजल्यावर अडकला तर दार उघडून त्याला हाताला धरून वर किंवा खाली ओढून काढतात. पलंगावरचा २२० किलोचा रुग्ण असा काढता येत नाही. त्यामुळे इथे सुटकेचा एकच मार्ग: केबिन मजल्याच्या पातळीला आणणं.

वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्याला नेणारं यंत्र बऱ्याच लिफ्टमध्ये असतं, त्याला एआरडी म्हणतात. बॅटरीची ताकद कमी, म्हणून ते सहसा ज्या दिशेला कमी जोर लागेल तिकडे केबिन नेतं. जड पलंग आत असेल तर बहुधा खाली. हे माहीत असेल तर खालच्या मजल्यावर माणूस उभा ठेवता येतो. पण एआरडीची बॅटरी मेलेली असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. म्हणून हलवण्याच्या दिवशी लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक, किंवा ब्रेक सोडून केबिन हाताने पातळीला आणायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, इमारतीत हजर हवा. फोन केल्यावर तासाभराने येणारा नको. जनरेटर सुरू होतो का, ते त्याच सकाळी तपासावं. लिफ्टमधला इंटरकॉम उचलून बोलून बघावा. मोबाइलला तिथे रेंज नसते.

आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग चौथ्या मजल्यावरच्या या रुग्णाचं काय? त्याला त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडच्या भागात सरकवणं हा पहिला उपाय. तो भाग, ती दारं आणि तिथवरचा रस्ता पलंगाच्या मापाचा आहे का, हे त्याला वर नेण्याआधी बघायला हवं.

"मग मालाची लिफ्ट आहे की!"

हा सल्ला फार सहज दिला जातो. यंत्र म्हणून बघितलं तर त्यात तथ्य आहे. सामानाची लिफ्ट रुंद असते, जास्त भाराची असते. अडचणी वेगळ्या आहेत. ती स्वयंपाकघराकडे किंवा कचऱ्याच्या खोलीकडे उघडते, जंतुसंसर्गाचा प्रश्न येतो, ती आयसीयूजवळ थांबतच नाही, आत इंटरकॉम नसतो. आणि त्या माणसाला काय वाटेल? ओल्या पिशव्यांच्या वासात, गोण्यांच्या बाजूने आपल्याला नेलं, हे तो विसरणार नाही. दुसरा पर्यायच नसेल तर ती लिफ्ट धुऊन, रस्ता मोकळा करून, रुग्णाला आधी कारण समजावून न्यावं.

"साध्या स्ट्रेचरवर घेऊ, वजन वाचेल" हा दुसरा सल्ला. स्ट्रेचरची स्वतःची भारमर्यादा तपासा. ती वजनात बसली तरी अरुंद स्ट्रेचरवर शरीर कडेच्या बाहेर जातं, कठडे लागत नाहीत आणि वळणावर तोल जातो. दोन साधी स्ट्रेचर एकत्र बांधणं तर अजिबात नको. उंबरठ्यावर दोन्हींची चाकं वेगवेगळ्या क्षणी अडतात.

उचलून जिन्याने? आठ माणसांनी चादरीत धरून जिना चढायचा म्हणजे एकाचा पाय घसरला की नऊ जण जखमी.

"असे रुग्ण येतातच किती, एवढा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त आहे, विशेषतः पंचवीस-तीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरसाठी. नवीन लिफ्ट बसवा असं कुणी म्हणत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अशा रुग्णाला वर न्यायचंच नाही. तळमजल्यावर एक खोली अशी ठेवायची जिचं दार रुंद आहे, जिथे ऑक्सिजनची लाइन आहे, पोर्टेबल एक्स-रे येऊ शकतो. सोनोग्राफी, रक्ततपासणी पलंगापाशी येते. वर जावं लागतं ते शस्त्रक्रिया किंवा आयसीयूसाठीच.

दुसरा उपाय एका कागदाचा. इमारतीतल्या प्रत्येक लिफ्टचा भार, दाराची मोकळी रुंदी, आतली रुंदी-खोली आणि ती कुठल्या मजल्यांवर थांबते, हे लिहून कॅज्युअल्टीत आणि लिफ्टमनकडे लावायचं. शेजारी प्रत्येक पलंग, स्ट्रेचर, व्हीलचेअर यांची मापं आणि भारमर्यादा. ब्रिटनमधली अनेक सरकारी रुग्णालयं अशा नोंदी त्यांच्या धोरणाचा भाग म्हणून ठेवतात. एक दुपार, एक टेप आणि देखभाल विभागातला एक माणूस, एवढ्यात हे होतं. वेळ असेल तर पलंगावर रुग्णाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून चाचणीची फेरी मारावी. कुठलं वळण अडतं, कुठे उंबरठा उंच आहे, सगळं रुग्णाशिवाय कळतं.

कायदाही आहे. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम लागू आहे. त्याआधी १९३९ चा मुंबईचा कायदा होता. लिफ्टला परवाना लागतो, विद्युत निरीक्षकांकडून तपासणी होते. पण परवाना म्हणजे पाटीवरच्या भारापुरती हमी. तुमचा पलंग दारातून जाईल की नाही, हे निरीक्षक सांगणार नाही.

वजन विचारायचं कसं

या सगळ्या हिशेबाची सुरुवात रुग्णाच्या वजनाने होते आणि गाडी अडते ती तिथेच. काही जण वजन कमी सांगतात, कारण आयुष्यभर त्यावरून ऐकून घेतलेलं असतं. काहींना माहीतच नसतं. घरचा काटा दीडशेला संपतो. मग अंदाजाने "असेल दीडशे-एकसाठ" असं केसपेपरवर लिहिलं जातं आणि लिफ्टची बेरीज साठ किलोने चुकते. औषधाचा डोसही चुकतो.

रुग्णालयाने दोन गोष्टी कराव्यात. बसून किंवा पलंगासकट वजन करता येईल असा काटा ठेवावा. माणसाला धान्याच्या किंवा भंगाराच्या काट्यावर नेऊ नये. आणि विचारताना कारण सांगावं: "काका, तुमच्यासाठी योग्य पलंग आणि लिफ्ट ठरवायची आहे, म्हणून वजन नीट हवंय." पॅसेजमध्ये ओरडून नाही, पडदा ओढून. हलवायच्या आधी बघे बाजूला करावेत, अंगावर चादर नीट असावी, मोबाइल काढणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं. लिफ्टपाशी "अरे, बसेल का हा?" असं रुग्णासमोर बोललं जातं ते मला असह्य होतं. तो ऐकतोय. पुढच्या वेळी छातीत दुखलं तर तो घरीच बसून राहील, कारण पुन्हा ते ऐकायचं नसतं.

नातेवाइकांनी काय करावं

तातडी नसेल तर दाखल होण्याआधी रुग्णालयात फोन करून वजन, उंची आणि सगळ्यात रुंद भागाची रुंदी सांगा. झोपल्यावर किंवा बसल्यावर अंग पसरतं, त्या स्थितीतलं माप द्या. रुग्ण कुठल्या मजल्यावर ठेवणार, ऑपरेशन थिएटर कुठे, मधली लिफ्ट कोणती, तुमचा पलंग किती भाराचा, हे विचारा. ॲम्ब्युलन्सलाही हेच सांगा. तिच्या स्ट्रेचरलाही मर्यादा असते. रुग्ण थोडा वेळ बसू शकत असेल तर पलंगाऐवजी रुंद व्हीलचेअरवर लिफ्टने नेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पलंगाचं वजन आणि लांबी दोन्ही वाचते.

आणि घरी परतण्याचा विचार पहिल्याच दिवशी करा. सोसायटीची लिफ्ट बहुधा सहा माणसांची असते, ४०८ किलोची, किंवा आठ माणसांची, ५४४ ची. २२० किलोचा रुग्ण, रुंद व्हीलचेअर आणि दोन माणसं वजनात बसतात, पण खुर्चीच्या चाकांसकट रुंदी दाराएवढी किंवा त्याहून जास्त भरते. शस्त्रक्रियेनंतर टाके असताना, खालच्या पार्किंगमध्ये हे कळून उपयोग नाही. डिस्चार्जची तारीख ठरण्याआधी घरातल्या कुणीतरी सोसायटीच्या लिफ्टचं दार मोजावं, खुर्ची भाड्याने घेताना तिचं माप त्याच्याशी जुळवावं आणि जुळत नसेल तर काही आठवडे तळमजल्यावर राहायची सोय बघावी.